सुहासिनीताई आणि गवताखालचं नाव

सुहासिनीताई गेल्याची बातमी मला पानिपतात कळली. पुण्याहून माझी धाकटी बहीण नीला आली होती, आणि पुण्याच्या माणसाला एकवेळ ताजमहाल दाखवला नाही तरी चालतं, पानिपत दाखवावंच लागतं. डिसेंबरातलं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. रणभूमीच्या स्मारकापाशी नीला तिथला मजकूर मोठ्यानं वाचत होती, मी शालीत हात गुंडाळून ऐकत होते, आणि परतताना आधी चादरी-ब्लँकेटं बघायची की आधी जेवून घ्यायचं, असा विचार मनात चालला होता. तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. अमोलचा, म्हणजे सुहासिनीताईंच्या मुलाचा. तिकडे आत्ता झोपेची वेळ, हा आत्ता कशाला फोन करतोय... "अनुमावशी," तो म्हणाला. "मावशी, आई गेली. चहा घेता घेता गेली म्हणे. सुनीता कामाला आली, तेव्हा खुर्चीतच होती."

त्यांच्या आणि माझ्या दारांत फक्त एक जिना. त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. आणि त्यांच्या जाण्याची बातमी फरीदाबादहून निघून अमेरिकेला गेली आणि तिथून पानिपतला माझ्यापर्यंत आली. सुनीतानं आधी मलाच फोन लावले होते, पण धुक्यातल्या त्या मोकळ्या रस्त्यावर माझ्या फोनला रेंजच नव्हती, म्हणून तिनं फ्रिजवर चिकटवलेला अमोलचा नंबर लावला. हायवेवरून परत येताना नीला माझा हात धरून बसली होती. मला रडू येत नव्हतं. आदल्या संध्याकाळचं बोलणं तेवढं आठवत होतं. मी त्यांना म्हटलं होतं, "चला ना उद्या पानिपतला." तर म्हणाल्या, "नको गं, घसा धरलाय. आणि आपण हरलो ती जागा बघायला इतक्या थंडीत कोण जाईल? उन्हाळ्यात जाऊ."

सुहासिनी साळवे. मूळच्या नगरच्या. वडील शाळामास्तर, घर कितीतरी पिढ्यांपासून ख्रिस्ती. पुण्यात कॉलेजात असताना जर्मन शिकल्या. त्याचं कारण विचारलं की सांगायच्या, "होस्टेलवर पत्र्याचं छप्पर होतं, दुपारी भयंकर तापायचं. जर्मनचा वर्ग दुपारचा, जाड दगडी भिंतींच्या खोलीत. मी गारव्याला गेले आणि अडकले." शिकवणारे प्राध्यापक जुन्या वळणाचे होते. ते पोरांना शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पुस्तकं वाचायला लावत, त्या काळच्या टोकदार, काटेरी अक्षरांतली. वर्गातली बाकीची मुलं कंटाळून सोडून गेली. ह्यांना मात्र ती अक्षरं आवडली. लग्नानंतर भास्कररावांच्या नोकरीमुळे फरीदाबादला आल्या. भास्करराव इंजिनियर. त्यांच्या कारखान्यात एकदा जर्मनीहून यंत्रं आली, यंत्रांबरोबर ती बसवून द्यायला माणसं आली, आणि त्या माणसांना नीट इंग्रजी येईना. "माझ्या बायकोला येतं जर्मन," असं भास्करराव सहज बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी सुहासिनीताई साडी नेसून, डोक्याला पिवळं हेल्मेट घालून कारखान्यात उभ्या! तिथून त्यांचं शिकवणं सुरू झालं. पुढे आयुष्यभर दिल्लीतल्या एका संस्थेत त्यांनी जर्मन शिकवली. फरीदाबादहून आधी रेल्वेनं, मग बसनं आणि शेवटी शेवटी मेट्रोनं जाऊन.

आमची ओळख झाली ती एका चुकीमुळे. आम्ही नुकतेच त्या इमारतीत राहायला आलो होतो. माझी मुलगी गार्गी तेव्हा शाळेत होती, जन्मल्यापासून दिल्लीतच वाढलेली. जिन्यात उभी राहून ती ओरडली, "आई, माझी पुस्तक कुठे आहे?" आणि वरच्या मजल्यावरून एक खणखणीत आवाज आला, "माझं! माझं पुस्तक!" गार्गी दचकून गप्प झाली. तिला वाटलं, कुणीतरी तिचं पुस्तक मागतंय. मागोमाग सुहासिनीताईच जिना उतरून खाली आल्या, हाताला कणीक लागलेली. मला म्हणाल्या, "माफ करा हं. मी साळवे. तुम्ही मराठी आहात हे पाटीवरून कळलं होतं, पण पोरगी नपुंसकलिंग हरवून बसली आहे हे आत्ता कळलं." मला हसावं की रागवावं, कळेना. मग त्यांनीच समजावून सांगितलं. हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन, जर्मनमध्येही तीन. दिल्लीची हुशार हुशार मुलं त्यांच्या वर्गात त्या तिसऱ्या लिंगापाशी येऊन अडखळायची. "आपल्याला हे आयतं मिळालंय, अनुराधा. ते मूल, ते पाणी, ते पुस्तक. फुकटात मिळालेलं आहे म्हणून टाकून द्यायचं का?" चौथ्या वाक्यापर्यंत मी 'अनुराधा' झाले होते, आठवड्याभरात 'अनु'.

तसं त्यांचं मराठी सोवळ्यातलं मुळीच नव्हतं. भाजीवाल्याशी त्यांचं "अरे यार भैया, बिल्कुल ताजा देना" ऐकून कुणाला वाटलं नसतं की ही बाई नगरची. दिल्लीला वर्ग लवकर सुटला की कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जाऊन थालीपीठ खायच्या आणि तिथल्या वाढप्याशीही सवयीनं हिंदी बोलायच्या. मग तोच मराठीत उत्तर द्यायचा आणि दोघं हसायची. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी मराठी उपासना व्हायची. फरीदाबाद-दिल्लीतली पाच-सहा घरं जमायची. मीही जाऊन बसायची, आमच्याकडे गणपती असला की त्या आरतीला यायच्या तशीच. उपासनेनंतरच्या चहाला सगळ्यांची मुलं गॅलरीत जाऊन आपापसांत हिंदी-इंग्रजीत बोलत. त्यांतच अमोलही असायचा. सुहासिनीताई खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहायच्या... तेव्हा मला वाटायचं, मुलांवर लक्ष ठेवतायत.

भास्करराव गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात अमेरिकेला गेलो. गार्गी न्यू जर्सीत असते, अमोल शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. मी आठवडाभर त्यांच्याकडे राहायला गेले. अमोलची बायको शीबा मूळची केरळची, मोठी प्रेमळ. मुलगी रूथ तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. घरात सगळे इंग्रजीत बोलायचे, आणि का बोलू नये? मल्याळी आई, मराठी बाप, आणखी कुठल्या भाषेत बोलणार? रूथला "आजी", "पाणी", "बस कर" एवढं यायचं. आजीवर जीव होता. तिच्या मांडीवर पाय टाकून सोफ्यावर पडायची आणि फोन बघत राहायची.

एका रविवारी अमोल आम्हाला शेतांच्या बाजूला फिरवायला घेऊन गेला. मक्याची शेतं, लाल रंगाची कोठारं, आणि मधेच एक छोटंसं गाव. एक चर्च, एक पेट्रोलपंप, चार-दोन दुकानं. गावात शिरता शिरताच रस्त्याकडेला लोखंडी खांबावर निळी पाटी होती, तीवर पिवळी उठावदार अक्षरं. "थांब, थांब," सुहासिनीताई म्हणाल्या. अमोलनं गाडी बाजूला घेतली. तिथेही तेव्हा इंग्रजांचाच अंमल होता, त्या काळात ऱ्हाइन नदीच्या काठावरून आलेल्या जर्मन लोकांनी हे गाव वसवलं, अमुक इतक्या गिरण्या बांधल्या, हे चर्च उभारलं, अशी सगळी माहिती त्या पाटीवर होती. गावाचं नावही जर्मनच होतं. सुहासिनीताईंनी ते मोठ्यानं, जर्मन उच्चारात म्हटलं. अमोल हसला, "आई, इथे असं नाही म्हणत कुणी." त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "कोण आले, कुठून आले, किती गिरण्या बांधल्या, सगळं लिहिलंय. बोलत काय होते, तेवढं लिहायचं राहिलं."

चर्चच्या मागे दफनभूमी होती. पुढच्या बाजूला नवे, गुळगुळीत दगड, आणि मागे टेकाडाला लागून जुने, काळपट, वाकलेले. तिथे एक म्हातारा गृहस्थ पानं गोळा करत होता. डोक्यावर टोपी, गुडघ्यांपर्यंत चढवलेले बूट. साडी नेसलेल्या दोन बायका दफनभूमीत शिरताना बघून तो आधी गोंधळला, मग आदबीनं पुढे आला. त्याचं नाव हॅरॉल्ड. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावचा. आम्ही जुने दगड बघायला आलोय हे ऐकून खूश झाला आणि थेट आपल्या पूर्वजाच्या दगडापाशी घेऊन गेला. "हा योहानेस," तो म्हणाला. "आमच्या घराण्यातला इथे आलेला पहिला माणूस. वडील दर ईस्टरला आम्हा भावंडांना इथे उभं करून फोटो काढायचे. मी रोज सकाळी येतो, तेव्हा ह्याला गुड मॉर्निंग म्हणतो." खाली काय लिहिलंय, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. बायबलातलं काहीतरी असेल, असं वडील म्हणायचे. वडिलांनाही वाचता येत नव्हतं. गावात कुणालाच येत नव्हतं.

अक्षरं तीच होती. टोकदार, काटेरी. सुहासिनीताई पदर खोचून सरळ गवतात गुडघ्यांवर बसल्या. "आई, गुडघे!" अमोल म्हणाला, त्यांनी लक्षच दिलं नाही. पाण्याच्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन त्यांनी दगड पुसला, मला ऊन अडवून उभं राहायला सांगितलं आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागल्या. ओठ हलत होते. पहिल्या ओळीत योहानेसचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत, ते तर मलाही लागलं. दुसऱ्या ओळीवर त्या थबकल्या. पुन्हा वाचली. मग हॅरॉल्डकडे वळून, वर्गात चुकलेल्या मुलाला समजवावं तितक्या सौम्यपणे इंग्रजीत म्हणाल्या, "हॅरॉल्ड, हा योहानेस नाही. 'योहानेसची' असं आहे. योहानेसची धर्मपत्नी. ही बाई आहे."

टोपी काढून त्यानं हातात घेतली. "मग तिचं नाव?" नाव दिसत नव्हतं. दगड इतक्या वर्षांत जमिनीत खचला होता, दुसऱ्या ओळीखाली गवत सुरू होत होतं. हॅरॉल्ड धावत जाऊन छोटं खुरपं घेऊन आला. सुहासिनीताईंनी त्याला थांबवलं, लोखंड दगडाला लागेल म्हणून, आणि दोघांनी हातांनीच माती उकरायला सुरुवात केली. एक फरीदाबादची बाई आणि एक पेनसिल्व्हेनियाचा म्हातारा, शेजारी शेजारी गुडघे टेकून! अमोलही खाली बसला. मातीखालची अक्षरं वरच्यापेक्षा नीट राहिली होती, काल कोरल्यासारखी. सुहासिनीताईंनी ती पुसली आणि वाचली : अ‍ॅना मार्गारेथा. त्याखाली तिच्या माहेरचं गाव, आणि ती मुलाबाळांसह समुद्र ओलांडून इथे आली, असं. बस, एवढंच. बायबलातलं काही नव्हतं.

हॅरॉल्ड उभा राहिला. गुडघ्यांची माती झटकायचंही त्याला सुचलं नाही. दगडाकडे बघत तो म्हणाला, "गुड मॉर्निंग, अ‍ॅना मार्गारेथा." मग सुहासिनीताईंना म्हणाला, "तुम्ही हे सगळं एकदा त्याच भाषेत वाचाल का? मोठ्यानं? इथे ही भाषा कुणी बोलल्याला... मला वाटतं, माझ्या आजीनंतर कुणी बोललं नसेल." त्यांनी वाचलं. "हियर रूहेट..." म्हणजे इथे विसावली आहे... सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत. मला जर्मनचं अक्षर कळत नाही, पण अंगावर काटा आला. हॅरॉल्डला त्याची आजी कोंबड्यांना दाणे टाकताना काहीतरी म्हणायची ते आठवलं. त्यानं ते म्हणून दाखवलं, मोडकंतोडकं. सुहासिनीताईंनी ते ओळखलं आणि नीट म्हणून दाखवलं. "हां, हां, तेच," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. निघताना त्यानं विचारलं, "तुम्ही जर्मन कुठे शिकलात? बर्लिनला?" "पुण्याला," त्या म्हणाल्या. पुणे कुठे आलं, ते त्याला समजावून सांगण्यात अमोलची दहा मिनिटं गेली.

काही महिन्यांनी हॅरॉल्डनं फोटो पाठवला. त्या दगडाशेजारी चर्चनं एक छोटी पितळी पट्टी बसवली होती. अ‍ॅना मार्गारेथाचं नाव, मजकुराचा इंग्रजी अर्थ, आणि खाली बारीक अक्षरांत भाषांतर करणारीचं नाव, 'साळवे, फरीदाबाद, भारत'. फरीदाबादचं स्पेलिंग चुकलेलं. सुहासिनीताईंनी तो फोटो अख्ख्या इमारतीला दाखवला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, फरीदाबाद का नाम अमरीका में! मिठाई बनती है." सुहासिनीताईंनी खरंच मिठाई वाटली.

पण त्या प्रवासातून परतल्यावर त्या बदलल्या होत्या. एकदा गॅलरीत आम्ही दोघी हिवाळ्यातल्या उन्हात संत्री सोलत बसलो होतो. मधेच त्या म्हणाल्या, "अनु, ती भाषा तिथून कशी गेली असेल, मला कळतं. कुणी बंदी घातली नसेल, काही नाही. मुलांच्या शाळेसाठी घरात थोडी कमी बोलले असतील. मग आणखी थोडी." मी पुढचं संत्रं सोलायला घेतलं. "अमोल लहान असताना त्याच्या शाळेतून सांगितलं होतं, घरी इंग्रजी बोला, मागे पडतोय. मी लगेच ऐकलं. भाषेची शिक्षिका ना मी! जगाच्या पोरांना जर्मन शिकवली, आणि माझ्या पोराला स्वतःच्या आजोबांचं पत्र वाचता येत नाही." सोललेली संत्र्याची फोड हातात तशीच होती. अमोलला त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. तो चांगला मुलगा आहे, आणि चूक त्याची नव्हतीच.

त्यांनी रूथला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मराठी शिकवायला घेतलं. पहिले काही रविवार उत्साहात गेले. मग रूथच्या परीक्षा आल्या, मग कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ, मग ती कॉलेजच्या गावी राहायला गेली आणि रविवार आपोआप संपले. मी म्हटलं, "तुम्ही नेटानं का नाही लावून धरलं?" तर म्हणाल्या, "मी सत्तरीची, ती सतराची. एवढ्या लांबून ओढायला गेलं की दोरी तुटते गं." आणि मग हसून, "तू एक लक्षात ठेव. माझ्या दगडावर मराठीत लिहा. दोन-अडीचशे वर्षांनी कुणीतरी जर्मन बाई येईल वाचायला." मीही हसले. दगडाचं बोलणं कोण मनावर घेतं...

अमोल, शीबा आणि रूथ दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पोचले. नाताळ तोंडावर आला होता. सुहासिनीताईंनी करंज्यांसाठी आणलेलं खोबरं ओट्यावर तसंच होतं. दिल्लीतल्या दफनभूमीत भास्कररावांच्या शेजारी जागा होती, तिथे त्यांना ठेवलं. मराठी उपासनेची घरं आली होती, इमारतीतले लोक आले होते, जर्मनचे किती तरी विद्यार्थी आले होते. त्यांतली एक नर्स होती, जर्मनीत नोकरी करणारी, सुट्टीवर आलेली. ती मातीत उभी राहून अशी रडली की शीबानं तिला जवळ घेतलं. रूथ रडली नाही. ती आता वीस-एकवीसची, उंच, आजीसारखीच भुवई उंचावून बघणारी. सगळ्यांपासून थोडी बाजूला, शालीत हात घालून उभी होती.

दगडाचा प्रश्न दोन दिवसांनी निघाला. भास्कररावांचा दगड इंग्रजीत होता, अमोलनंच तेव्हा मजकूर दिला होता. तो म्हणाला, "अनुमावशी, आईचाही इंग्रजीतच करू ना? रूथला वाचता यायला हवा. तिच्या मुलांना वाचता यायला हवा." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तरी मी त्याला सुहासिनीताईंचं ते बोलणं सांगितलं. शाळेचं नाही सांगितलं, फक्त दगडाचं. जर्मन बाईपाशी तो हसला आणि हसता हसताच त्याचा चेहरा रडवेला झाला. मग म्हणाला, "मला लिहिता येत नाही मावशी. मी सांगतो, तू लिही." त्यानं सांगितलं, मी लिहिलं. अमोल आणि शीबाला कामासाठी परतावं लागलं. रूथला सुट्टी होती, ती म्हणाली, दगड लागेपर्यंत मी राहते. माझ्याच घरी राहिली. पोरीला आमचा थंडीतला अंघोळीचा गरम पाण्याचा रॉड बघून भीती वाटायची.

दगड घडवणाऱ्याचं दुकान दफनभूमीपासून जवळच आहे. कारागीर भला माणूस, पण घाईत. संगमरवरावर त्यानं पेन्सिलनं मजकूर आखून ठेवला होता. मी चष्मा लावून तारखा तपासत होते. तेवढ्यात रूथ पुढे झाली आणि नावावर बोट ठेवून म्हणाली, "ये नहीं. ये रॉंग है." मी बघितलं. त्यानं 'सालवे' लिहिलं होतं. कारागीर म्हणाला, "ठीक तो है जी, ल ही तो है." मी सांगितलं, भैया, मराठीत वेगळा असतो. तो बिचारा म्हणाला, "मैडम, ऐसा अक्षर तो हमने कभी काटा नहीं." रूथनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक मोठा 'ळ' काढला. दोन वाटोळे गोल, मधे नीट जोडलेले, वर रेघ. मग आणखी एक, लहान. तो डोकं वाकडं करून बघत राहिला. "अच्छा... चश्मे जैसा!" म्हणाला आणि संगमरवराच्या एका टाकाऊ तुकड्यावर छिन्नीनं आधी दोनदा काढून बघितला. दुसरा चांगला जमला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी रूथला विचारलं, तुला हे कसं आठवलं? ती इंग्रजी-मराठीची भेसळ करत बोलत राहिली. "आजीनं पहिल्या दिवशी हेच शिकवली. आधी माझं नाव, नंतर आडनाव. म्हणाली, बाकी सगळा विसर, पण हा अक्षर विसरायचा नाही, नाहीतर तुझं आडनाव दुसऱ्या कुणाचं तरी होईल. मी कॉलेजमध्ये बोअर झाले की नोट्सच्या मार्जिनमध्ये हा काढते. आय डोन्ट नो व्हाय." लिंगं सगळी इकडची तिकडे झालेली. मी एकही दुरुस्त केलं नाही.

गेल्या आठवड्यात दगड बसला. त्या दिवशी थंडी जरा कमी होती, ऊन चांगलं पडलं होतं. माणसं दगड बसवून, हात धुऊन निघून गेली, आम्ही दोघीच राहिलो. कोरलेल्या अक्षरांत पांढरी भुकटी साचली होती. रूथ खाली बसली आणि बोटानं एकेक अक्षर साफ करू लागली. सुहासिनी, तिनं वाचलं. भास्कर, वाचलं. साळवे. त्यातला 'ळ' तिला अजून म्हणता येत नाही, 'ल' आणि 'ड' यांच्या मधे कुठेतरी तिची जीभ वळते आणि थांबते. तिनं पुन्हा म्हणून बघितलं. मग तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. तिला तेवढंच येत होतं.

"अनुआजी," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाकीचं काय लिहिलंय?"

मी तिच्या शेजारी बसले. अमोलनं सांगितलेलं, मी माझ्या हातानं लिहून दिलेलं. मी वाचलं. जन्म नगरचा. विसावा इथे. आयुष्यभर शिकवत राहिली. आमची आई.

"पुन्हा वाच ना," रूथ म्हणाली. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं होतं. "हळू वाच."

मी हळू वाचलं.